खोलीचा आवाज

नानच्या दुकानातलं चित्रीकरण संपलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये अफगाण वस्ती मोठी आहे, आणि हे दुकान आमच्या वर्गातल्या एका अफगाण मुलाच्या काकांचं. गिऱ्हाईकं केव्हाच परतली होती. भट्टीने अजून ऊब धरून ठेवली होती आणि भाजलेल्या पिठाचा, कलौंजीचा वास भिंतींना लागून राहिला होता. आम्ही पाच जण दिवे उतरवू लागलो, तेवढ्यात कानांवर हेडफोन चढवलेल्या मुलीने हात वर केला. म्हणाली, "अजून तीस सेकंद. कुणी हलू नका. खोलीचा आवाज घ्यायचाय."

आम्ही होतो तसे थांबलो. माझ्या हातात कपड्यांचा लाकडी चिमटा होता, शेजारच्याच्या खांद्यावर वाळूची पिशवी. काकांचा हात परातीच्या काठावर होता, तो त्यांनी तिथेच राहू दिला. आधी काहीच ऐकू येईना. मग फ्रीजची घरघर आली. तिच्याखाली ट्यूबलाइटची बारीक गुणगुण. निवत चाललेल्या भट्टीचा पत्रा मध्येच टिक् करून वाजला. रस्त्यावरून एक मोटार गेली आणि तिच्या आवाजाची शेपटी काचेवरून सरकत नाहीशी झाली. आणि या सगळ्याच्या तळाशी, सहा माणसांचे श्वास.

सिनेमाच्या भाषेत याला रूम टोन म्हणतात. संकलनाला बसल्यावर माणसाच्या दोन वाक्यांमधला खोकला काढायचा, अडखळणं काढायचं, तर तिथे भोक पडतं. त्या भोकात नुसती शांतता भरता येत नाही. संगणकाची शांतता विहिरीसारखी काळी असते, ऐकणारा तिच्यात दचकून पडतो. म्हणून जिथे चित्रीकरण केलं त्या जागेचीच शांतता घेऊन यायची आणि कापलेल्या जागांखाली अंथरायची. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. कितीतरी खोल्यांमधून राहिले होते, आणि त्यांतली एकही खोली ऐकली नव्हती.

माझं लहानपण पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूच्या एका गल्लीत गेलं. शाळेला जाता-येता फिल्म इन्स्टिट्यूटचं फाटक लागायचं. बाबा माझं बोट धरून चालत असले की तिथे हमखास पाऊल मंद करायचे. "इथे प्रभात फिल्म कंपनी होती," ते सांगायचे. "कोल्हापूरहून 1933 साली सगळं बिऱ्हाड इथे आणलं त्यांनी. 'संत तुकाराम' इथे झाला." मी फाटकाच्या गजांतून आत बघायची. आत झाडं होती, सायकली होती, दाढी वाढवलेली मुलं होती. त्या झाडांत एक आंब्याचं झाड आहे, त्याच्या सावलीत बसून विद्यार्थी आणि शिक्षक सिनेमावर तासन् तास बोलतात, हेही बाबांनीच सांगितलं होतं. माझ्या कल्पनेत ते झाड फार मोठं होतं.

बारावी झाली, बी. कॉम. झालं, बँकेतली नोकरी लागली, लग्न झालं. त्या फाटकातून आत जावं असं मला वाटत होतं का? वाटत होतं. पण ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही, म्हणून मला कुणी अडवलंही नाही. अशा संस्थेत जागा मोजक्या असतात, परीक्षा असते, मुलाखत असते, आणि ती असणं योग्यच आहे. तिथे जाणाऱ्याला आधी स्वतःविषयी काहीतरी ठाम ठाऊक असावं लागतं. मला फक्त एवढंच ठाऊक होतं की सिनेमा संपून दिवे लागले की मला रडू येतं, आणि ते गोष्टीसाठी नसतं.

नवऱ्याच्या नोकरीमागे आम्ही कॅलिफोर्नियात आलो. माझ्या व्हिसावर शिकायला मुभा होती, कमावायला नव्हती. 2017च्या उन्हाळ्यात मुलीला ग्रंथालयात सोडायला गेले असताना जवळच्या कम्युनिटी कॉलेजचं वेळापत्रक हाती लागलं. त्यात हिशेबशास्त्र होतं, वेल्डिंग होतं, परिचारिकांचा अभ्यासक्रम होता आणि त्याच ओळीत, त्याच टायपात, 'चित्रपट व व्हिडिओ निर्मिती: प्राथमिक' होतं. राज्यात वर्षभर राहिलेल्यांना एका युनिटची फी 46 डॉलर. तीन युनिटांचा विषय, म्हणजे 138 डॉलर. प्रवेशासाठी गुणांची अट नव्हती. अठरा वर्षं पूर्ण असली की पुरे होतं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्ज भरला. एवढं साधं असू शकतं यावर विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहिला.

पुढे या कॉलेजांचा इतिहास वाचला तेव्हा एका सालाशी येऊन मी थांबले. 1960. त्या वर्षी 1 मे रोजी महाराष्ट्र राज्य झालं. त्याच वर्षी प्रभातच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक आराखडा कायद्यात आणला. विद्यापीठात वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी, राज्य महाविद्यालयांत वरचे एक तृतीयांश, आणि दोन वर्षांच्या या छोट्या कॉलेजांत ज्याला शिकून फायदा होईल असा कोणीही. आज राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत. माझ्या शाळेच्या वाटेवरचं फाटक आणि माझ्यासाठी उघडलेलं दार, दोन्हींचा जन्म एकाच वर्षातला. मध्ये अर्धी पृथ्वी आणि माझी चाळीस वर्षं.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी भरायचा. पहिल्या दिवशी आम्ही अठरा जण होतो. गोदामात रात्रपाळी करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा वर्ग संपला की थेट कामावर जायचा. इराकहून परतलेला एक सैनिक होता. सैनिकांच्या शिक्षणासाठी 1944 पासून चालत आलेल्या सरकारी सोयीवर तो शिकत होता, आणि दाराकडे पाठ करून कधी बसत नसे. निवृत्त झालेल्या एक फिलिपिनो नर्सबाई होत्या, वय अडुसष्ट. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी जागलेल्या त्या बाईंना आता आपल्या आईच्या गावावर फिल्म करायची होती. शिक्षक आम्हाला सांगत, मला नावाने हाक मारा. माझ्या जिभेला ते जमेना. मी त्यांना 'सर'च म्हणत राहिले, आणि त्यांनी ते नाव म्हणून स्वीकारलं.

पहिले दोन आठवडे कॅमेऱ्याला कुणी हात लावला नाही. आम्ही केबल गुंडाळायला शिकलो. एक वेढा वरून, पुढचा वेढा खालून, म्हणजे पीळ पडत नाही आणि फेकली की सरळ उलगडते. मला आजी आठवली. ती लोकरीची लडी सोडवताना अशीच मनगटं फिरवायची. मग वाळूच्या पिशव्या: दिव्याच्या स्टँडवर पिशवी ठेवल्याशिवाय त्याच्यापासून दूर जायचं नाही, कारण तो पडला तर कुणाच्या तरी डोक्यावर पडतो. मग लाकडी चिमटे. रंगीत कागद दिव्याच्या पाखांना अडकवायला सेटवर कपड्यांचे चिमटे वापरतात, लाकडीच, कारण लाकूड तापत नाही. जाळीच्या दाराची एक खोली होती, तिला सगळे 'केज' म्हणत; तिथून सामान सही करून घ्यायचं आणि पुसून, मोजून परत करायचं. मला या कामात फार आनंद व्हायचा. कला ज्या खोलीत राहते तिथे आधी झाडलोट असते, हे मला घरातूनच ठाऊक होतं. इथे त्यालाच धडा पहिला म्हटलं होतं.

मग पांढऱ्याचा धडा आला. आपला मेंदू दयाळू आहे. पिवळ्या बल्बखाली असो की भर उन्हात, कागद त्याला पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला ती दया नाही. घरातल्या पिवळ्या दिव्याचा प्रकाश साधारण 2700 केल्विनचा, दुपारच्या उजेडाचा साधारण 5600. कोणत्या प्रकाशात कशाला पांढरं म्हणायचं, ते त्याला दर जागी नव्याने सांगावं लागतं. परक्या गावात राहायला आलेल्या बाईला हे समजायला वेळ लागला नाही.

एका गुरुवारी सरांनी जुना बोलेक्स आणला. सोळा मिलिमीटर फिल्मचा, चावीवर चालणारा कॅमेरा. पूर्ण चावी दिली की जेमतेम अर्धा मिनिट चालतो. शंभर फुटांचं रीळ, त्यात पावणेतीन मिनिटं. सरांनी ते भरायला लावलं काळ्या पिशवीत, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून, बोटांनी चाचपत, डोळ्यांचा काही उपयोग नसताना. माझी पाळी आली. फिल्मची कड बोटांना लागली, तिच्यावरची भोकं लागली, आणि मला सरस्वतीबाई फाळके आठवल्या.

त्यांचे पती दादासाहेब यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला तेव्हा ते चाळिशीला आले होते. 1912 साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टिपून त्यांनी लोकांना पटवून दिलं, आणि 1913च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. हे शाळेच्या पुस्तकात असतं. पण तेव्हा कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची, आणि दादरच्या त्या घरात, दिवसभर सगळ्यांचा स्वयंपाक करून झाल्यावर, रात्री अंधारात तिला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुवायला शिकल्या. उन्हात चादर धरून उजेड वळवायला उभ्या राहिल्या. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. काळ्या पिशवीत माझी बोटं भोकं मोजत होती आणि मला वाटलं, ही शिकण्याची रीत आमच्या घरातली आहे.

खरोखरच आहे. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. परदेशी कॅमेरा परवडेना तेव्हा त्यांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने तो तिथेच बनवला. पुढे दिग्दर्शक झालेले शांताराम तिथे विशीच्या आत आले आणि पडेल ते काम करत शिकले. दामलेमामा पुढे प्रभातमध्ये ध्वनीचं काम बघू लागले. बोलपट आला, तेव्हा आवाज पकडायचं शास्त्र त्यांनी काम करता करता आपलंसं केलं. गुणपत्रिका कुणी विचारली नव्हती. केबल उचल, बघ, चूक, पुन्हा कर. ज्या प्रभातच्या फाटकाबाहेर मी उभी राहायची, त्याच्या आतली माणसं अशी घडलेली होती. हे मला फ्रीमाँटजवळच्या एका वर्गात बसून कळलं.

या भूमीलाही हीच सवय आहे. फ्रीमाँटच्या नाइल्स भागात 1915 साली चॅप्लिनने 'द ट्रॅम्प' केला. खाडीवरचा पूल ओलांडला की पालो आल्टो, तिथल्या घोड्यांच्या फार्मवर 1878 साली मायब्रिजने एका ओळीत कॅमेरे मांडले आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात हे जगाला दाखवलं. शेजारच्या हेवर्डमधल्या चॅबो कॉलेजात टॉम हँक्स शिकले. आपण त्या कॉलेजचं किती देणं लागतो, हे त्यांनी 2015 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. जॉर्ज लुकास मोडेस्टोच्या ज्युनिअर कॉलेजात होते. सर ही नावं भिंतीवर लावत नसत. एकदाच म्हणाले, "ती माणसंही अशाच बाकांवर बसली, एवढंच लक्षात ठेवा. मग पुढचा शॉट लावा."

दुसऱ्या सत्रात ध्वनी आला. सरांनी कोपोलाचा 1974चा 'द कॉन्व्हर्सेशन' दाखवला. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये गर्दीत चालणारं एक जोडपं, आणि त्यांचं बोलणं चोरून टिपलेला माणूस तीच टेप पुन्हा पुन्हा ऐकतो. त्याचा ध्वनी वॉल्टर मर्च यांचा. पुढच्या रविवारी मी बार्ट रेल्वेची गाडी पकडून पॉवेल स्टेशनला उतरले आणि त्या चौकात डोळे मिटून बसले. ट्रामच्या घंटा, कबुतरं, कुणाचं तरी गिटार, आणि दूर, अगदी दूर, कुणीतरी आपल्या मुलाला मराठीतून हाक मारतंय असं वाटलं. वळून पाहिलं नाही. असेलही.

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे राहायला आली. गॅलरीतून समोरचे वाळून सोनेरी झालेले डोंगर बघून म्हणाली, "अगं, पुण्यात आता सगळं हिरवं होईल. इथे डोंगरांचं पंचांग उलटं दिसतंय." खरंच आहे. इथले डोंगर हिवाळ्याच्या पावसात हिरवे होतात. रोज दुपारी ती जमिनीवर बैठक घालून वाती करायची. कापसाचा पेळू, दुधाचं बोट, चिमटीचा पीळ. निरंजनाच्या फुलवाती वेगळ्या, समईच्या लांब वेगळ्या. ती परत जाईपर्यंत वर्षभर पुरेल इतका डबा भरून ठेवायचा, असा तिचा नेम होता. मी ठरवलं, सत्राची फिल्म यावरच करायची. पाच मिनिटं, आईचे हात आणि आईचं बोलणं.

चार दुपारी मी चित्रीकरण केलं. खिडकीचा उजेड डावीकडून, उजवीकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा, सावली मऊ करायला. आई आधी कॅमेऱ्याशी बोलायची, मग कापसाशी बोलू लागली. तिच्या आईच्या वातींविषयी बोलली. बाबा गेल्यावर पहिल्या महिन्यात वाती वळताना पीळ बसत नव्हता, त्याविषयी बोलली. हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. भिंगाच्या मागे मी मुलगी राहिले नव्हते, ऐकणारी झाले होते, म्हणूनही असेल.

आई परत गेली. मी संकलनाला बसले. पहिलं वाक्य, मग कापलेली जागा, मग दुसरं वाक्य. आणि प्रत्येक कापलेल्या जागी ती काळी विहीर. मी खोलीचा आवाज घ्यायला विसरले होते. ज्या रात्री नानच्या दुकानात मी श्वास रोखून उभी होते, ती मीच विसरले होते. सरांनी ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "अजून तीच खोली आहे ना? घरी जा, तीस सेकंद घेऊन ये."

मी त्याच दुपारच्या वेळी माईक लावला. तोच गालिचा, तीच खिडकी, पंखाही तेवढ्याच वेगावर. तीस सेकंद घेतले आणि वाक्यांखाली अंथरून पाहिले. जुळेनात. प्रत्येक सांध्यावर कळत होतं की खोली बदलली. काय कमी आहे ते शोधायला मी जुनं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. आईच्या बांगड्यांचा, इतका हलका की मोजपट्टीवर दिसू नये, असा एक किणकिणाट होता. फोनवर अगदी बारीक लावलेला अभंग होता. आणि तिचा श्वास होता, नाकातून, किंचित शिट्टीसारखा. ते मिळून त्या खोलीची शांतता झाली होती. फिल्म मी तशीच दिली, भोकांसकट. नर्सबाई माझ्या शेजारी बसून बघत होत्या. त्यांनी अंधारात माझा हात धरला आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

पुढच्या वर्षी पुण्याहून निरोप आला की सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे. करार झाला होता, मार्चपर्यंत घरं रिकामी करायची होती. मी डिसेंबरात गेले. बॅगेत एक छोटा रेकॉर्डर, एक माईक आणि केबल, वरून-खालून वेढे घालून नीट गुंडाळलेली.

पहिल्या संध्याकाळी चालत फिल्म इन्स्टिट्यूटच्या फाटकाशी गेले. पाऊल आपोआप मंद झालं. रस्त्याच्या कडेला उभं राहून तीस सेकंद घेतले. रिक्षा, कावळे, एक पिशवी घासत गेलेली सायकल, आणि आत कुठेतरी हसणारी मुलं. आत जायची हुरहूर शोधून पाहिली. ती उरली नव्हती. तिच्या जागी एक ओळखीची माया होती, शेजारघराविषयी वाटावी तशी.

मग तीन दिवस मी घर ऐकलं. देवघराची खोली: भिंतीमागच्या नळाची थरथर, वरच्या मजल्यावरची पाट सरकवल्याची घरघर. बाबांची खोली: घड्याळ, आणि दोन ठोक्यांच्या मधलं लाकडी कपाटाचं करकरणं. न्हाणीघर: थेंब, आणि थेंबाआधीची वाट. शेवटी स्वयंपाकघर. ओट्याजवळच्या खुर्चीत आईला बसवलं. तिच्या हातात कापूस होता.

"आई, आता तीस सेकंद बोलायचं नाही."

तिने मान हलवली. मी बटण दाबणार, तेवढ्यात तिने हळूच विचारलं, "श्वास घेतला तर चालेल ना गं?"

"तो तर हवाच," मी म्हणाले.

आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि आत खोल खड्डा. आई भाड्याच्या घरात राहते आणि नव्या इमारतीतल्या ओट्याची उंची किती असावी, यावर माझ्याशी फोनवर बोलते. इकडे मी दुसऱ्या फिल्मचं संकलन करते आहे, केजमधून सही करून आणलेल्या हेडफोनवर. एक वाक्य पुण्यातलं, एक फ्रीमाँटमधलं, मध्ये कापलेली जागा. त्या जागेखाली मी ते स्वयंपाकघर अंथरते. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी, फ्रीज, कावळा, बांगड्यांचं किणकिणणं. एकोणिसाव्या सेकंदाला आई श्वास सोडते.